लांब नळीचा बारीक सूर

खामगावात माझं बंदुकांचं दुकान आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात. तो विम्याचं काम करतो आणि बंदुकीला हात लावत नाही. दुकान सासऱ्यांचं. त्यांना सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना मोतीबिंदू झाला, बारीक स्क्रू दिसेनात, तेव्हा ‘सूनबाई, जरा हे धरा’ असं म्हणत त्यांनी मला कामाला लावलं. पुढे ते गेले आणि दुकानाचा परवाना माझ्या नावावर झाला.

बंदुकीच्या दुकानात बंदुका विकल्या जातात हा बाहेरच्यांचा समज आहे. वर्षाला दोन-तीन विकल्या तरी खूप. बाकी काम काडतुसांचं, दुरुस्तीचं आणि सांभाळण्याचं. परवानाधारक वारला की वारसाचे कागद होईपर्यंत बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात तरी जमा होते, नाहीतर आमच्यासारख्या दुकानात. माझ्या मागच्या खोलीतल्या रॅकवर बंदुका उभ्या असतात त्या बहुतेक अशा, मालक मेलेल्या. मला त्याचं काही वाटत नाही. कापसाच्या बाजारातल्या माणसाला गाठींचं काही वाटतं का?

अलीकडे एक नवीन गिऱ्हाईक आलं आहे: संग्रह करणारे. यांना शिकार नको, राखण नको. जुनी बंदूक हवी. त्या सगळ्यांना मी पहिल्या भेटीत एकच वाक्य सांगते. आधी कागद, मग लोखंड. जुनी म्हणून बंदूक शोभेची होत नाही. ती दुरुस्त होऊनही कधीच चालणार नाही अशी निकामी असली तर गोष्ट वेगळी, आणि तेही तुम्ही ठरवायचं नसतं. नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिसांची चौकशी, वस्तू कुलपात ठेवायची सोय, मिळाली कुठून याचा पुरावा. हे सगळं हातात आल्यावर बंदूक बघायला जायचं. लोक उलट करतात. आधी गोणपाटात गुंडाळून एसटीने घेऊन येतात आणि मग विचारतात, ‘ताई, याचं काही लायसन लागते का?’

एका दातांच्या डॉक्टरांना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावायला ठासणीची बंदूक हवी होती. मी म्हटलं, ‘डॉक्टर, तिथे लोक आधीच घाबरून बसलेले असतात.’ ते म्हणाले, ‘तेच ना मॅडम. आता कारण तरी दिसेल.’

त्यांना मी परत पाठवलं. ज्यांना पाठवलं नाही त्या गुरुजींची ही हकिकत आहे. माझ्या कामात माझ्या हातून एकच मोठी चूक झाली. ती त्यांच्या बाबतीत झाली.

ठासणीची बंदूक म्हणजे काय ते आधी सांगते. हिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर चिंधीचा गोळा, मग छर्रे, परत चिंधी, आणि हे सगळं गजाने ठासत तळाशी न्यायचं. मागे एका बारीक भोकावर स्फोटकाची इवलीशी टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते. टोपी नसेल तर घोडा नुसता कट् वाजतो. म्हणून लोकांना वाटतं बंदूक रिकामी आहे. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे नुसतं बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तळ अंधारात असतो, आणि दारू कोरडी राहिली तर आजोबांनी भरलेली बंदूक नातवाच्या हातात उडते.

यावर सासऱ्यांनी एक सोपी रीत शिकवली होती. गज आत घालायचा, जिथे अडेल तिथे नळीच्या तोंडाशी त्याला अंगठा लावायचा. मग तोच गज बाहेरून नळीच्या अंगाला लावून बघायचा. टोक टोपीच्या जागेपर्यंत पोचलं तर रिकामी. चार बोटं अलीकडे राहिलं तर आत कुणीतरी आहे. सासरे असंच म्हणायचे, ‘आत कुणीतरी आहे.’ वहीत दोन रकाने: बाहेरून लांबी, आतून लांबी. दोन्ही भरल्याशिवाय बंदूक रॅकवर चढत नाही.

उमाळे गुरुजी तीन वर्षांपूर्वी आले. माझं माहेर वरवट बकाल. तिथल्या शाळेत पाचवीला ते मला गणिताला होते. आता निवृत्त होऊन जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या गावी राहतात. त्यांचे वडील नव्वदीत वारले. वडिलांच्या नावावर पिकाच्या राखणीसाठी घेतलेली ठासणीची बंदूक होती. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा व्हायची, परत यायची, परवान्यावर शिक्का पडायचा. तिच्या आत डोकावून बघावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

‘राखण आता तारेच्या कुंपणानं होते,’ गुरुजी म्हणाले. ‘मला ही संग्रह म्हणून ठेवायची आहे. इथून सुरुवात. अजून दोन पाहून ठेवल्यात.’

‘आधी कागद, गुरुजी.’

‘म्हणून तर तुझ्याकडे आलो, शालू. शिष्य कामाला यावा एकदा तरी.’

मी वही उघडली. बाहेरून लांबी मोजली, लिहिली. गज घ्यायला हात पुढे केला तेवढ्यात गुरुजी म्हणाले, ‘खालीच आहे ती, रिकामी. लहानपणापासून बघतोय मी.’

आणि मी गज घेतला नाही.

आज हे लिहितानाही माझं मलाच नवल वाटतं. पाचवीत हा माणूस फळ्यावर गणित सोडवायचा आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. त्याचं उत्तर आपण ताडून बघायचं असतं हे डोक्यात आलंच नाही. गज उचलला असता तर ते काही बोलले नसते. पण हात तसा मागे आला. आतल्या लांबीच्या रकान्यात मी बरोबरची एक खूण केली आणि बंदूक रॅकवर चढवली.

ती माझ्याकडे चौदा महिने होती.

मागच्या खोलीला पश्चिमेची एक खिडकी आहे. उन्हाळ्यात दुपारी झळा सुरू झाल्या की वारं रॅकवरच्या उघड्या नळ्यांवरून जातं आणि नळ्या घुमतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की येतो तसा आवाज, पण खूप हलका. नवीन माणूस दचकतो, मला सवय आहे. आखूड नळीचा सूर बारीक, लांब नळीचा जाड, हे मी ऐकून ऐकून ओळखते. गुरुजींची नळी रॅकवरची सगळ्यात लांब होती आणि तिचा सूर सगळ्यात बारीक होता. कुणीतरी दात मिटून रडावं तसा. एक-दोनदा मी काम थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग खिडकी लावून घेतली. कारण शोधलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच दुकानात एक बाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कापडी पिशवी. ‘मी दामूची काकू,’ म्हणाल्या. दामू म्हणजे गुरुजी. पहाटेच्या गाडीने एकट्याच आल्या होत्या.

‘आमच्या बंदुकीची पूजा मीच करत असतो. दरसाल. यंदा तुह्या घरी हाये तं इथं आली.’

खंडेनवमीला हत्याराची पूजा करायला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी बंदूक काढून टेबलावर ठेवली. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, ‘जराशी पाठ करून बस वं पोरी. तुह्यासमोर लाज वाटते.’

जमा असलेल्या हत्यारापाशी कुणाला सोडायचं नसतं. मी सोडलं नाही, नुसती पाठ केली. पण समोरच्या कपाटाच्या काचेत मला त्या दिसत होत्या. त्यांनी नळीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि बोलायला लागल्या. शब्द कळत नव्हते. मधूनमधून थांबायच्या, तोंडाच्या जागी कान लावायच्या, मान हलवायच्या, परत बोलायच्या. फोनवर बोलतो तसं. मग लाकडी गज सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं पुसताहेत.

जाताना मी विचारलं, ‘काय म्हणते बंदूक?’ गंमत म्हणून.

‘बोलत नाई,’ त्या म्हणाल्या. ‘पण आयकते.’

पुढच्या वर्षी गुरुजींचा परवाना झाला. संग्रहासाठी म्हणून, बंदूक न वापरण्याच्या अटीवर. गुरुजी पेढे घेऊन आले. ‘घोडा सैल झालाय, तेवढा नीट करून दे. संग्रहातली वस्तू पूर्ण पाहिजे.’ मी घोड्याची स्प्रिंग बदलली, खटका घासला, तेल दिलं. बंदूक टेबलावर उघडी पडली होती, गज हाताशी होता, आणि तेव्हाही मी आतून मोजलं नाही. मोजून झालेली बंदूक पुन्हा कशाला मोजायची? वहीत खूण होती ना.

महिन्याभराने वर्षाच्या तपासणीसाठी वहीच्या प्रती काढत होते. पान उलटता उलटता नजर त्या रकान्यावर थांबली. वर आकडे, खाली आकडे, मध्ये एक खूण. माझंच अक्षर. मी बसून राहिले, आणि तो सूर कानात आला. नळी लांब आणि सूर बारीक, म्हणजे नळी आतून आखूड आहे. आत कुणीतरी आहे.

फोन लावला.

‘गुरुजी, बंदूक कुठे आहे?’

‘पुढच्या खोलीत. साडू आलेत, त्यांना दाखवून राह्यलो.’

‘घोडा ओढलात?’

‘दोनदा. काय मस्त वाजतो आता.’

‘कुणाकडे रोखून?’

‘साडूकडेच. गमतीनं.’

‘टोपी लावली होती?’

‘टोप्या कुठे मिळतात हे तुलाच विचारणार होतो मी.’

‘गुरुजी, ती खाली ठेवा. नळी भिंतीकडे करा आणि सगळे बाहेर या. मी येतेय. मी आतून मोजली नव्हती.’

‘अगं, पण मी सांगितलं होतं तुला, खालीच आहे म्हणून.’

‘म्हणूनच मोजली नाही.’

पिशवीत लांब गज, त्याच्या टोकाला लावायचं मळसूत्र आणि पाण्याची बाटली टाकून मी नांदुऱ्यावरून जाणारी गाडी पकडली. मळसूत्र म्हणजे बाटलीचं बूच काढायला असतं तसा पिळाचा काटा. आतल्या चिंधीत फिरवून ती बाहेर ओढायची. जळगाव जामोदला उतरून ऑटो केला. समोर सातपुडा इतका जवळ होता की झाडं मोजावीत, आणि भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी घाबरत नाही सहसा. त्या दिवशी पिशवीतला गज ऑटोच्या दांडीवर वाजत होता आणि प्रत्येक आवाजाला मला वाटत होतं, उडाली.

गुरुजींचं घर स्लॅबचं, नवीन, अंगणात सोलरचं पाणी तापवायचं यंत्र. साडू अंगणातल्या खुर्चीत बसलेले, चेहरा पांढरा. गुरुजी दाराशी उभे. पुढच्या खोलीत गेले तर काकू पलंगावर बसलेल्या आणि बंदूक त्यांच्या मांडीवर आडवी.

‘मी बाहेर बोलावलं तर येत नाही,’ गुरुजी म्हणाले.

मी बंदुकीचं तोंड भिंतीकडे वळवलं. काकूंनी मांडीवरून ती सोडली नाही. गज घातला. जिथे अडला तिथे अंगठा लावला, बाहेरून नळीला लावला. टोक टोपीच्या जागेच्या दीड वीत अलीकडे राहिलं. चार बोटं म्हणजे भरलेली. दीड वीत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

‘भरलेली आहे,’ मी म्हटलं.

‘भरेलच हाये,’ काकू म्हणाल्या. ‘बेचाळीस साल झाले.’

मग काकूंनी सांगितलं, सरळ, आवाज न चढवता, गुरुजींना कधी न सांगितलेलं.

त्यांचे यजमान, म्हणजे गुरुजींचे धाकटे काका, रात्री शेतातल्या माळ्यावर बसून रानडुकरांपासून पीक राखायचे. बंदूक भावाच्या नावावर, पण भरायचे हेच. एके दिवशी डोंगरापलीकडे बऱ्हाणपूरच्या बाजाराला बैलजोडी बघायला म्हणून निघाले. बंदूक खुंटीला अडकवली आणि बायकोला म्हणाले, भरून ठेवली आहे, कुणाला हात लावू देऊ नको, मी आल्यावर खाली करीन. ते आले नाहीत. गुरुजी तेव्हा पंचविशीचे. पंधरा दिवस डोंगर पालथा घातला. मला आठवलं, पाचवीत आम्हाला पंधरा दिवस गणित झालं नव्हतं आणि आम्ही खूश होतो.

‘ज्यानं भरली त्यानंच खाली कराव, असं हाये आमच्यात,’ काकू म्हणाल्या. ‘दुसऱ्यानं केली तं भरनारा मरते. आन् तोवर मरत नाई. हिच्यात दारू हाये तोवर त्यायचा जीव हाये कुठी तरी.’ त्यांनी कुंकवाला हात लावला नाही, पण आम्ही दोघांनीही तिकडेच पाहिलं. ‘लोकायनं म्हटलं पुसून टाक. म्या म्हटलं, काऊन पुसू? भरेल हाये ना.’

ठाण्यात नेता-आणताना बंदूक एसटीत हादरायची. आतलं हलू नये म्हणून त्या दर खंडेनवमीला नव्या लुगड्याच्या काठाची पट्टी वरून ठासायच्या. दीड वीत त्याची होती.

गुरुजी म्हणाले, ‘राहू दे शालू. भिंतीवरच राहील. मी घोडा बांधून टाकतो.’

मला तसं करता आलं असतं का? नाही. चिंध्यांखाली दारू होती, वरून मीच घोड्याला नवी स्प्रिंग बसवून दिली होती, आणि हा माणूस टोप्या कुठे मिळतात ते विचारत होता. ‘गुरुजी, भरलेली बंदूक मी घरात सोडणार नाही. नाहीतर ठाण्यात कळवावं लागेल. तिथे कुणीतरी हवालदार ती रिकामी करील. ते बरं का?’ मग काकूंकडे वळले. ‘काकू, वरचं सगळं तुमच्या हातचं आहे ना? तुमचं तुम्ही काढा. मी नुसती दाखवते. त्यांच्या भरलेल्यापाशी पोचलो की थांबू, मग तुम्ही म्हणाल तसं.’

त्या बराच वेळ नळीवर हात फिरवत राहिल्या. ‘थांबशीन ना?’

‘थांबेन.’

पण दारूवर कोरडं काम करायचं नसतं. आधी पाणी. टोपी बसते ती बारीक नळी मी फिरवून काढली, बंदूक कलती केली, त्या भोकातून बाटलीचं पाणी थोडं थोडं आत सोडलं, जिरू दिलं, आणि मग उलटी करून पांढऱ्या फडक्यावर गाळलं. भिजलेली दारू शाईसारखी काळी येते. फडक्यावर उतरलेलं पाणी पिवळसर होतं. मी परत ओतलं, परत गाळलं. पिवळं, आणि वर तेलाचा तवंग.

मला तेव्हाच कळलं. फडकं घडी करून पिशवीत टाकलं आणि मळसूत्र काकूंच्या हातात दिलं.

त्यांना एकदाच दाखवावं लागलं. गज आत, पीळ द्यायचा, चिंधी धरली की ओढायचं. पहिली पट्टी जांभळी, कोरडी, माझ्या दुकानात ठासलेली. मग हिरवी, मोरपंखी, विटकरी. काकू प्रत्येक पट्टी पलंगावर सरळ करून ठेवत होत्या. ‘हे दामूच्या लग्नातलं.’ नव्हे, लगेच म्हणाल्या, ‘हे त्याच्या पोराच्या बारशातलं. लग्नातलं अजून खाली हाये.’ आणि ते खाली होतंच. खोलीत दुसरा आवाज नव्हता. ओढताना प्रत्येक चिंधी नळीतून सुटायची तेव्हा आत हवा शिरायची आणि नळी एक श्वास घ्यायची. प्रत्येक वेळी तो श्वास थोडा जाड, थोडा खोल. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी कान झाकले होते. ते चिंध्या बघत नव्हते, नळीकडे बघत होते.

शेवटच्या काही पट्ट्या ओल्या, पिवळ्या डागांच्या निघाल्या. अगदी शेवटची बारीक चौकड्यांची. ‘त्या दिवशी नेसेल होती ते,’ काकू म्हणाल्या आणि हात थांबवला. ‘आता त्यायचं.’

‘गज घालू का? नुसतं मोजते. काढत नाही काही.’

त्यांनी मान हलवली. मी गज सोडला. तो तळाला लागला आणि लोखंडावर लोखंड वाजलं. बाहेरून लावून बघायची गरज नव्हती, तरी लावला. टोक टोपीच्या जागेवर. मोबाईलचा उजेड मागच्या भोकाला धरून तोंडातून पाहिलं. नळी शेवटपर्यंत गुळगुळीत. गंज नाही, काजळी नाही.

‘खालीच होती,’ गुरुजी कानांवरचे हात काढत म्हणाले. त्यांना रडू येत होतं की हसू ते त्यांनाच कळत नव्हतं. ‘मी म्हणत होतो ना शालू, खालीच आहे.’

‘तू गप बस दामू.’ काकू माझ्याकडे बघत होत्या. ‘पान्यानं गेली का त्यायची दारू?’

हो म्हणणं सोपं होतं. दारू पाण्याने जाते, हे त्यांनाही पटलं असतं. मग ती माझ्या हातून गेली असं झालं असतं, भरणाऱ्याच्या हातून नाही, आणि मी शब्द मोडला असं झालं असतं; आणि त्यांच्या हिशेबाने माझ्या पाण्याने तो माणूस मेला असता. आणि मी या बंदुकीबाबत एकदा न बघता खूण केली होती. आता बघून खोटं बोलायचं?

‘नाही काकू. दारू असती तर पाणी काळं आलं असतं. त्यांनी भरलीच नव्हती. साफ पुसून, तेल देऊन ठेवली होती.’

‘तेल कवा देतात?’

‘लवकर हात लावायचा नसला की.’

‘किती लवकर?’

‘माझे सासरे म्हणायचे, पुढच्या पावसाळ्यापर्यंत खुंटीवरून उतरवायची नसेल तर द्यावं.’

त्या ऐकत राहिल्या, मी बोलायची थांबले तरी. मग पट्ट्या गोळा करायला लागल्या. एकावर एक, काठ जुळवून. बंदुकीकडे परत पाहिलं नाही. ‘घेऊन जा दामू तुह्या कपाटात,’ म्हणाल्या. थोड्या वेळाने, स्वतःशीच, ‘म्हंजे मेला बिला नाई तो. पायानं चालत गेला. गेला तसा येईन बी.’

मी त्यांच्यासमोरच दुसरा आकडा कागदावर लिहून घेतला, दुकानात येऊन वहीत चढवला आणि खूण खोडून बाजूला सही केली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, चूक. त्यांनी पुढचं पान उलटलं. साडूंना नंतर गुरुजींच्या घरी चहाला बोलावलं तर ते अंगणातच पितात, असं ऐकलं.

गुरुजींचा संग्रह वाढला नाही. पाहून ठेवलेल्या दोन बंदुका त्यांनी घेतल्या नाहीत, हीही कपाटात कुलूप लावून आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या एका कागदावर सही हवी होती आणि वरवटला भाचीचं लग्न होतं, म्हणून वाट वाकडी करून गेले. सकाळचे अकरा वाजलेले, ऊन अंगणभर. दार बंद होतं. या भागात दिवसा कुणी दार लावत नाही. गुरुजी आणि त्यांची बायको शेतात गेले होते, ते मला नंतर कळलं.

मी कडी वाजवली. आत पावलं आली, दारापाशी थांबली.

‘कोन?’

‘मी शालू, काकू. खामगावची. बंदुकीवाली.’

दार उघडलं नाही. पलीकडे त्या श्वास घेत होत्या, इतक्या जवळ की फळी नसती तर माझ्या गालाला लागला असता.

‘एकटीच हायेस?’

‘हो.’

‘नीट पाह्य,’ त्या म्हणाल्या. ‘मांगं कोनी उभा नाई ना?’

मी नाही म्हणणारच होते. पण आधी वळून पाहिलं.